वरच्या खोलीतलं अत्तर

१

कुपी सापडली ती भट्टीवाल्या चाचांच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीत होतं तरी काय? दोन सदरे, एक पांघरूण, आणि पांघरुणाच्या घडीत बोटाएवढी, काचेच्या बुचाची कुपी. रिकामी.

थोरल्याने ती उन्हात धरली, उलटी केली, बूच काढून नाकाशी नेली. अंगणात सगळे जमले होते. भट्टीवरचा तांब्याचा हंडा तेवढा आतल्या आत गुरगुरत होता.

"बोला चाचा," थोरला म्हणाला. "चाळीस वर्षं अब्बांच्या पाठीला पाठ लावून राहिलात. आता बोला."

"कुपी माझ्यापाशी आहे, हे खरं," चाचा म्हणाले. "अत्तर माझ्यापाशी नाही, हेही खरं."

"मग अत्तर गेलं कुठे?"

"ते नाही सांगणार."

स्वयंपाकघराच्या दारात धाकटी सून उभी होती, खांद्यावर सहा महिन्यांची मुन्नी. तिचा नवरा मालाच्या पेट्या घेऊन फिरतीवर गेलेला. मध्ये बोलावं तरी कोणी आणि कोणाच्या जोरावर?

घर पिढीजात अत्तारांचं. गल्लीत अत्तारांची अकरा घरं, अकराही घरांत भट्ट्या, आणि प्रत्येक घराचं म्हणून एक खास अत्तर. बाकीच्यांच्या अत्तरांना तोंडभर नावं होती. या घराच्या अत्तराला नावच नव्हतं. सगळी गल्ली त्याला नुसतं 'घरचं' म्हणायची. ते फक्त अब्बा करत. वरच्या खोलीत जायचं, दार आतून लावायचं, आणि एकट्याने. कृती कुठे लिहिलेली नाही. पाच आठवड्यांपूर्वी अब्बा झोपेतच गेले आणि मागे कपाटात राहिली ही एवढी एक कुपी. तिचा वास घेऊन घेऊन थोरला कधी ना कधी घरचं जुळवून काढणार होता. आता नमुनाच गेला.

"हातातली भट्टी पुरी करून उतरवा," थोरला म्हणाला. "आज सोमवार. पुढच्या सोमवारी जा. का जाताय ते मी गल्लीत सांगितलंय."

अत्तारांच्या गल्लीत चोर ठरलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या भट्टीला काडी लावता येत नाही. चाचा अडुसष्ट वर्षांचे. मागे ना बायको, ना लेकरू. मुन्नीच्या वेळी धाकटी दिवसभर अडली होती, तेव्हा हंड्यामागून हंडे कढत पाणी याच माणसाने पुरवलं होतं. मुलगी झाली म्हणताच भट्टीआड जाऊन डोळे पुसून आले होते. धूर गेला म्हणाले.

हे चोर? मग जगात साव कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुन्नीला पाजता पाजता तिचा डोळा लागला. जाग आली ती वासाने. एखादं माणूस जिना उतरत यावं तसा पायरी पायरीने वास खाली येत होता. घरचं.

लेकीला उराशी धरून ती वर गेली. खोलीला बाहेरून कुलूप होतं, पाच आठवडे होतं तसंच. वास दाराखालच्या फटीतून येत होता. आणि आत, लाकडी जमिनीत, कुणीतरी सावकाश ठोकत होतं.

टक्.

मग थोडं थांबून, टक् टक्.

२

आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि भीती वाटली ती त्याचीच. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, अब्बा वर बसले की ही टकटक ऐकू यायची. कुप्या ठेवत असतील, असं सगळे म्हणत. आता कुप्या कोण ठेवत होतं?

जेवताना तिने थोरल्याच्या कानावर घातलं. थोरल्याचं लग्न अत्तराशीच लागलंय, असं गल्ली म्हणायची. चाळिशी आली तरी त्याचं सगळं जग नाकाच्या शेंड्यावर होतं.

"दर्ज्याच्या लेकीला नाक कधी फुटलं?" तो म्हणाला. "सुई टोचून वास कळतो होय ग, दुल्हन?"

"नाक नसेल भाईजान, कान तर आहेत."

"लेकरू झोपू देत नाही, म्हणून असं होतं. घरचं या घरात असतं तर मला आधी कळलं असतं."

बुधवारी पुन्हा तेच. दुपारची वेळ, तोच वास, तीच टकटक. गुरुवारी मात्र थोरला दुकान बंद करून आला आणि जिन्याच्या पायरीवर तळ ठोकून बसला. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. वास नाही, आवाज नाही. "बघितलंस?" असं म्हणून जोडे वाजवत तो दुकानात गेला. वीस मिनिटं झाली असतील नसतील. मुन्नीने चाळा थांबवून जिन्याकडे मान वळवली, बोळकं पसरून हसली, आणि त्याच क्षणी धाकटीच्या नाकाशी घरचं येऊन थांबलं.

टक्.

शेजारणीला हे कुठून कळलं कोण जाणे. "कुपी मागायला येतायत ग," ती कुंपणावरून कुजबुजली. "माणूस जातो, हाव जात नाही."

थोरल्याचं म्हणणं निराळं. "चाचांचा खेळ आहे. कुठेतरी चार थेंब लपवलेत, आणि फटीतून फाया सरकवतात. मला भिववायला."

पण दुपारभर चाचा धाकटीच्या डोळ्यांसमोर असत. दोन्ही हात कोळशाने काळे, सदऱ्याला धुराचा वास. जिन्याकडे त्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

मुन्नीला थोपटता थोपटता धाकटीच्या मनात एक वेडा विचार आला आणि तिला हसूच फुटलं. अब्बा जिवंतपणी कुणाच्या बापाला भ्यायले नाहीत. मग मेल्यावर थोरल्याला का भितात?

हसू ओठांवरच विरलं. थोरल्याची चाहूल भुताला कशाला घ्यावी लागेल? चाहूल घेतं ते जिवंत माणूस.

३

शुक्रवारी पाण्याचा तांब्या घेऊन ती भट्टीपाशी गेली.

"चाचा, वरच्या खोलीत अब्बा येतात."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय वेड लागलंय का. चाचांनी लाकूड अर्धं आत सारून हात थांबवला. "वास कसा आहे?"

"घरचाच. पण..." तिने शब्द शोधला. "कच्चा पेरू चावला की दात कसे होतात? तसं काहीतरी त्याच्या कडेला आहे."

चाचांनी डोळे मिटले. "कशाला," ते स्वतःशीच म्हणाले, "माझ्यासाठी कशाला..." आणि मग एकदम भानावर आल्यासारखे, "बेटा, एवढं कर. यात पडू नकोस."

"आणि तुम्ही सोमवारी पेटी उचलून जाणार?"

"पेटी हलकी आहे," चाचा म्हणाले.

तिथून ती फुपींकडे गेली. फुपी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथेच राहिल्या. त्यांची खोली जिन्याच्या पोटाशी. दिवसभर सुपात पाकळ्या घेऊन निवडत बसायच्या. सगळ्यांच्या पायात येणारं आणि कुणाच्याच लक्षात नसणारं असं ते माणूस. त्यांच्या दाराच्या तळाशी ओलं पोतं गुंडाळून ठेवलेलं होतं. धाकटीने ते पायाने बाजूला केलं.

"राहू दे ग ते. ऊन फार आत येतं," फुपी म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून हात पसरले. "आण माझी बाहुली इकडे. आणि आधी बदल तिला."

धाकटीने लंगोटाला हात लावून पाहिलं. खरंच होतं. आता, या क्षणी झालेलं. आणि फुपी तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला!

कोरडी होऊन मुन्नी मांडीवर आली तशी फुपींनी तिच्या टाळूला नाक लावलं. "उद्या हिला सर्दी होणार. कानाला टोपडं बांध."

"तुम्हाला कसं कळतं हो?"

"म्हातारपणी दुसरं काम काय?"

धाकटी हसली, पण मन मागे गेलं. उन्हाळ्यात अब्बा मुन्नीला मांडीवर घेऊन तासभर बसले होते. ती उचलायला गेली तर लेकीने सगळा लंगोट भरवलेला, अब्बांचा सदरासुद्धा भिजलेला, आणि अब्बा आपले गुणगुणत बसलेले! घरात केवढा हशा झाला होता. आजोबाची माया, सगळे म्हणाले. दूरच्या बागेतलं फूल कोणत्या पहाटे तोडलं ते सांगणारं नाक, मायेने इतकं बंद होतं?

जेवायला तिने फुपींचं वेगळं ताट आणलं. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, पान नाही, तपकीर नाही. पोट नाजूक म्हणून हे पथ्य, असं सगळे जाणत होते. तसलंच पथ्य घरात आणखी एकजण पाळायचा. थोरला. त्याचं पोट तर दगड पचवील असं.

संध्याकाळी ती कपडे वाळत घालत होती. थोरल्याचा पांढरा सदरा हातात आला आणि ती थबकली. अब्बा गेले तेव्हा थोरला परगावी होता. तो पोचला तो थेट खांदा द्यायला, हाच सदरा घालून. मय्यतीला अंघोळ चाचांनीच घातली होती. रिवाजाप्रमाणे कफनाला खुशबू लावतात, तसा एक फाया लावला असणार. पण सदरा चार वेळा धुऊन झाला होता. उजव्या खांद्याला अजूनही घरचं येत होतं.

एका फायाचं?

४

शनिवारी मुन्नीला सर्दी झाली. कानाला टोपडं बांधून धाकटीने स्वयंपाकघरातून बिनमिठाचं लोणी घेतलं, बशीत पातळ पसरलं, आणि दुपारी वास सुरू होताच ती बशी दाराच्या फटीशी ठेवून दिली. लोणी उघडं राहिलं की शेजारच्या वस्तूचा वास उचलतं, हे कुठल्याही बाईला कळतं. त्याला अत्ताराच्या पोटी जन्मावं लागत नाही.

टकटक थांबल्यावर बशी झाकून ती गल्लीच्या पलीकडे गेली. चष्मेवाल्या अत्तारांचं दुकान समोरच होतं. या घराचे ते जन्माचे प्रतिस्पर्धी. घरचं आपल्याला जमावं म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य घालवलंय, हे ते स्वतःच सांगायचे.

"हकीकत काय आहे? दुल्हन माझ्या पायरीवर! तुझ्या जेठाने पाहिलं तर दोघांनाही गाळून काढील."

"एवढा वास घ्या," ती म्हणाली. "आणि मला विचारू नका."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाने लोणी मनगटावर लावलं, हात लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब. चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

"हे घरचं आहे," ते म्हणाले. "खांद्याला खांदा लावून घरचं. पण हे जुन्या कुपीतलं नाही, बेटी. मुरलेलं अत्तर गोल असतं, त्याला कोपरा नसतो. हे अजून बोचतंय. चंदनाच्या पोटात फूल अजून शिरलेलं नाही, नुसतं वर तरंगतंय. हे वर्षभर पडून राहिलं पाहिजे."

"म्हणजे नवीन केलेलं?"

"अगदी ताजं. आठवडाही झाला नसेल."

दुकानातल्या कुप्यांवर ऊन पडलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. अब्बांना जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि हे अत्तर अब्बांखेरीज जगात कुणालाच करता येत नव्हतं.

५

घरी येईपर्यंत काटा गेला आणि डोकं चालायला लागलं. सगळे 'कुपी कुणी चोरली' विचारत होते. विचारायचं होतं ते हे, की घरचं येतं कुणाला. थोरल्याला येत नव्हतं, चष्मेवाल्यांना येत नव्हतं, चाचांचे हात दिवसभर भट्टीत. उरलं कोण? आणि वास सुरू झाला तोही कधी? चाचांना चोर ठरवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तिला कळलं. पण सांगून थोरल्याला पटलं नसतं. त्याला ऐकवायलाच हवं होतं.

"भाईजान, उद्या खोली उघडा," ती म्हणाली. "परवा चाचा जातील. तुमच्या मनात किंतू राहू नये म्हणून तरी."

रविवारी दुपारी थोरला जोडे वाजवत, मोठ्याने "दुकानात जातोय" म्हणत बाहेर पडला. दुकानापाशी त्याने जोडे हातात घेतले आणि मागच्या बाजूने अनवाणी परत आला. धाकटी मुन्नीला घेऊन जिन्यावर होती. किल्लीला तिने आधीच तेल दिलं होतं. कुलपाने हूं की चूं केलं नाही.

आत पाच आठवड्यांची धूळ. अब्बांची गादी, तिच्यापुढे बसकं मेज, भिंतीला फळी. फळीवर थोरल्याच्या स्वतःच्या तेरा कुप्या. सहा वर्षांत स्वतःची तेरा नवी अत्तरं जुळवून त्याने अब्बांना दाखवली होती; एक जरी पसंत पडलं, तर घरचं शिकवून ही खोली त्याला द्यायची असं ठरलेलं. तेराही वेळा अब्बांनी मान हलवली होती. नाही.

दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. मुन्नी खांद्यावर झोपली होती, तिचा चोंदलेला श्वास तेवढा ऐकू येत होता.

आधी वास आला. कुठून म्हणून नाही. खोलीच जणू घाम येऊन ओली झाली. थोरल्याच्या नाकपुड्या फुलल्या. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. आणि मग त्यांच्या पायांखालून,

टक्.

टक् टक्.

थोरल्याने तिचा दंडच धरला. तिने तो हळूच सोडवला, गुडघ्यावर बसली आणि अब्बांच्या मेजाखालची सतरंजी उचलली. जमिनीच्या फळीत बोटभर भोक होतं, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. शेजारी रिळाला गुंडाळलेला दोरा, टोकाला कापसाचा सुकलेला फाया. भोकातून वास धुरासारखा वर येत होता.

तिने फळीवरच्या कुप्यांकडे बोट केलं. थोरल्याने कुप्यांवरून बोट फिरवलं. मग त्याने तेरावी कुपी उचलली, ताजा फाया भिजवला, दोऱ्याला बांधला आणि भोकातून खाली सोडला.

खालची टकटक थांबली.

खूप वेळ काही झालं नाही. मग दोरा ताणला गेला. खालून कुणीतरी तो धरला होता.

टक्. टक्. टक्. तीन.

आणि भोकातून म्हातारा, घाबरलेला, तरीही रागावलेला आवाज वर आला. बोलणं चाललं होतं ते मेलेल्या माणसाशी.

"भाईजान? हेच विचारायला आलात का परत? हे तर झालं होतं. मी तेव्हाच तीनदा ठोकलं होतं. पोराला अजून सांगितलं नाहीत?"

६

फुपींच्या खोलीत दाराशी पोतं, खिडकीला ओली चादर, आणि चटईवर लहानसा तराजू, सहा वाट्या, चंदनाचं तेल. वर छताला तेच भोक. हाताशी वेताची काठी. थोरल्याला आणि धाकटीला दारात पाहून त्यांना आधी हायसं वाटलं, आणि मग त्या रडल्या.

"सहा वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता, आठवतो?" त्या म्हणाल्या. "ताप उतरला, पण नाक परत आलं नाही. गुलाब नाही, कापूर नाही, काही नाही. अत्ताराचं नाक गेलं म्हणजे काय उरतं रे? मला शपथ घातली. मग ते वरून फाया सोडायचे. एकदा ठोकलं की वाढवा, दोनदा ठोकलं की कमी करा."

"आणि तीनदा ठोकलं की झालं," धाकटी म्हणाली.

"लहानपणी मी अब्बाजानच्या मांडीवर बसून शिकले होते. मुलीला शिकवत नसतात म्हणून कुणी मोजलं नाही." फुपींनी डोळे पुसले. "आता एकटी करते तरी हात सवयीने काठीकडे जातो. आणि वास वर चढतो, तो कुठे अडवू?"

"कुपी?" थोरल्याने विचारलं.

"मी दिली. बाई माणूस, मला अंघोळ घालायला जाता येईना. चाचांना म्हटलं, सगळी ओता. भाईजानना शेवटपर्यंत वास आला नाही. निदान त्यांचा तरी येऊ दे." त्या थांबल्या. "रिकामी कुपी चाचांनी ठेवून घेतली. आठवण म्हणून. तू त्यांना चोर म्हणालास. मला वाटलं, सोमवारच्या आत नवी कुपी भरून कपाटात ठेवीन. पण कच्चं ते कच्चंच. तुझ्या नाकाला फसवता येईना."

थोरला चटईवर बसला. इतका वेळ मनात ठसठसत होतं ते आता बाहेर आलं. "तेराव्याला तुम्ही हो म्हणालात. अब्बांनी मला नाही म्हटलं."

फुपींनी तराजूची पारडी सारखी केली. "तुला हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मग वर जाऊन दार लावायला त्यांना निमित्त काय उरलं असतं?"

चाचा दाराशी येऊन उभे होते. कधीपासून, कुणाला कळलं नाही.

"झालं ना ऐकून? मग आता विसर," ते थोरल्याला म्हणाले. "मला खरं ठरवायचं तर तुझ्या अब्बांना खोटं ठरवावं लागेल. माझ्या नावाला किती वर्षं टिकायचंय? चार? पाच? घराच्या नावाला तुझ्या पुतणीपर्यंत जायचंय. मी चोरच बरा."

थोरल्याने कुणाकडेच पाहिलं नाही. उठला, जोडे घातले आणि दुकानात जाऊन बसला. दिवे लागले तरी परत आला नाही. त्याच्या मनात काय आहे ते धाकटीच्या नाकाला, कानाला, कशालाच कळेना.

७

सोमवारी सकाळी दहाही घरांचे अत्तार काही ना काही काम काढून आपापल्या पायऱ्यांवर आले होते. चोर जाताना पाहायला कुणाला आवडत नाही? चाचा पेटी घेऊन अंगणातून निघाले. त्यांची चाल सरळ होती. मुन्नीला घट्ट धरून धाकटी दुकानाच्या मागच्या दारात उभी राहिली. फुपी तिच्या मागे, पदर ओढून.

चाचा रस्त्यावर उतरले. थोरला दुकानाच्या पायरीवर उभा होता. चाचा त्याच्यापुढून गेले. चार पावलं. पाच पावलं. धाकटीला वाटलं, संपलं.

"थांबा," थोरला म्हणाला.

तो उतरला, चाचांच्या हातातून पेटी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवली. मग गल्लीकडे तोंड करून, माल पुकारावा तशा आवाजात म्हणाला:

"कुपी चाचांनी चोरली नाही. ती अब्बांच्या कफनाला लागली. त्यांना चोर मी म्हटलं, तेव्हा लाज मला. आणि आणखी एक ऐका. अब्बांना सहा वर्षं वास येत नव्हता."

थोरला वाट पाहत राहिला; हसतील, थुंकतील, माल परत करतील.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

थोरल्याच्या खांद्यावरची पेटी हलली.

"सहा वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडून गुलाबाचं तेल घेतलं. वास घेऊन, मान डोलवून घेतलं. तेल खवट होतं. माझ्या पोराची चूक. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप बदललं." त्यांनी शेजारच्या पायरीकडे पाहिलं. तिथला म्हातारा नुसता मान हलवत होता. त्याच्या पलीकडचाही. "अकरा घरांची गल्ली आहे, बेटा. सगळ्यांना नाकं आहेत. पण असली गोष्ट कुणी तोंडाने बोलतं का?"

थोरल्याने पेटी खाली ठेवली.

"एकच कोडं सुटलं नाही आम्हाला," चष्मेवाले म्हणाले. "त्याला येत नव्हतं, तुला जमत नव्हतं. मग सहा वर्षं घरचं करत होतं कोण?"

थोरला दुकानाच्या दारातून बाजूला झाला.

धाकटीही बाजूला झाली. मागे फुपी उभ्या होत्या, सुपातल्या पाकळ्यांचे डाग बोटांवर घेऊन. जन्मात पहिल्यांदा त्यांना दुकानाच्या पुढच्या बाजूने रस्ता दिसत होता, आणि रस्त्याला त्या दिसत होत्या.

चष्मेवाले पायरी उतरले. गल्ली ओलांडून आले. अत्तार गिऱ्हाइकाच्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तर लावतो. स्वतःचा हात तो कधी कुणापुढे करत नाही. पुढे केला, तर तो उस्तादापुढेच. त्यांनी मूठ वळली, हात पालथा केला आणि फुपींसमोर धरला.

फुपींनी पदर जरा मागे सारला. त्या हाताकडे पाहिलं, किंचित वाकल्या, आणि नाक मुरडलं.

"आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "तंबाखूचा वास येतोय."

गल्लीत पहिलं कोण हसलं यावर पुढे पुष्कळ वाद झाले. धाकटीने मात्र पाहिलं होतं. हसले होते ते भट्टीवाले चाचा. इतके, की त्यांना थोरल्याच्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला.